गरीब दीर्घिकेतल्या धुळीचा हिशेब

संगणकाच्या पडद्यावर सप्तर्षीच्या दिशेचा एक लहानसा तुकडा उघडलेला आहे. हर्शेल दुर्बिणीने 70 मायक्रॉन तरंगलांबीला टिपलेला. मधोमध काही चौकटी आजूबाजूच्यांपेक्षा जरा उजळ दिसतात, एवढंच. ही ‘आय झ्विकी 18’, सुमारे सहा कोटी प्रकाशवर्षांवरची एक बटुदीर्घिका. हेलियमपेक्षा जड असलेल्या सगळ्याच मूलद्रव्यांना खगोलशास्त्रज्ञ धातू म्हणतात. सूर्यात त्यांचं जे प्रमाण आहे, त्याच्या जेमतेम 3 टक्के या दीर्घिकेत आहे. विश्वातल्या पहिल्या दीर्घिकाही अशाच धातूंनी गरीब असणार. त्या फार दूर आहेत. ही त्या मानाने शेजारची. म्हणून या पुसट चौकटींसाठी एवढी खटपट.

धूळ ताऱ्यांचा प्रकाश शोषते, तापते आणि ती उष्णता अवरक्त किरणांतून बाहेर टाकते. हर्शेल 2009 मध्ये अवकाशात गेली ती हेच टिपायला. तिचा आरसा 3.5 मीटरचा, तापमान सुमारे 85 केल्विन. आपल्याला हे थंडगार वाटतं. पण दूर-अवरक्तात तो आरसाच लखलखतो आणि दीर्घिकेचा उजेड त्यापुढे नगण्य ठरतो. त्यात संवेदकांची पातळी क्षणाक्षणाला सरकत असते. म्हणून आकाशाचा तोच तुकडा आधी आडवा आणि मग उभा पिंजून काढतात. दोन्ही फेऱ्यांत जे त्याच जागी दिसलं, ते आकाशातलं. जे हललं, ते यंत्राचं.

खरी कसोटी लागते ती यानंतर. सरकती पातळी काढून टाकणारी गाळणी आंधळी असते; यंत्राच्या दोषासोबत ती दीर्घिकेची फिकट कडही खाते. त्यामुळे दीर्घिकेवर आधी एक झाकण ठेवावं लागतं. झाकण लहान पडलं तर कड जाते, मोठं झालं तर दोष मागे राहतो. ते नीट बसलं की नाही हे पाहायला मी नकाशात ठाऊक तेजाचा एक खोटा ठिपका मिसळतो आणि सगळी प्रक्रिया पुन्हा चालवतो. ठिपक्याचं तेज होतं तेवढंच परत मिळालं, तरच दीर्घिकेच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा.

तेजावरून वस्तुमान काढताना आणखी सांभाळावं लागतं. थोडीशी तापलेली धूळ ढीगभर गार धुळीपेक्षा जास्त चमकते. एकाच तरंगलांबीवर विसंबलं की फसगत ठरलेली. म्हणून 70, 100, 160 मायक्रॉन आणि जमेल तिथे त्याहून लांबचे आकडे एकत्र मांडून आधी तापमान ठरवायचं, मग वस्तुमान.

या मेहनतीतून हाती आलं ते चकित करणारं आहे. आपल्या आकाशगंगेत वायू धुळीच्या साधारण शंभर ते दीडशे पट. धातू तीसपट कमी, तर आय झ्विकी 18 मध्ये हे प्रमाण तीन-चार हजारांच्या आसपास असायला हवं. पण 2014 मध्ये डेव्हिड फिशर आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये दिलेला तिथल्या धुळीचा अंदाज अवघा 450 ते 1,800 सूर्यांइतका होता. हायड्रोजन मात्र दहा कोटी सूर्यांच्या घरात, म्हणजे प्रमाण पन्नास हजारांच्याही पलीकडे. उलट ‘एसबीएस 0335-052’ ही जवळपास तितकीच गरीब दीर्घिका. तिच्यातले तरुण तारकागुच्छ धुळीत गुरफटलेले आहेत. धातू किती आहेत एवढ्यावरच धूळ ठरत नाही. वायू किती दाट आहे, त्यात कणांना वाढायला वाव मिळतो का, हेही पाहावं लागतं.

अणुरूप हायड्रोजनचा आकडा येतो 21 सेंटीमीटरच्या रेडिओ लहरींतून. एसबीएस 0335-052 मधला हायड्रोजन नारायणगावजवळच्या खोडद इथल्या जीएमआरटीने बारकाईने नोंदवला आहे. पण तारे जन्मतात रेणूरूप हायड्रोजनमध्ये, आणि गार रेणूरूप हायड्रोजन स्वतः जवळजवळ काहीच प्रकाश देत नाही. त्याचा माग एरवी कार्बन मोनॉक्साइडवरून काढतात. इथे तो माग तुटतो. धूळ कमी, त्यामुळे अतिनील किरण ढगात खोलवर घुसतात आणि कार्बन मोनॉक्साइड फोडतात. हायड्रोजनचा रेणू मात्र स्वतःच्याच थरांच्या आडोशाने तगतो. सुटलेल्या कार्बनचा एक इलेक्ट्रॉन जातो आणि असा कार्बन 158 मायक्रॉनला चमकू लागतो.

सुझान मॅडन यांनी 1997 मध्ये ‘आयसी 10’ या बटुदीर्घिकेत कार्बनची ही वर्णरेषा विमानातल्या कायपर वेधशाळेतून अभ्यासली आणि लपलेल्या वायूकडे लक्ष वेधलं. पुढे त्यांच्याच नेतृत्वाखाली हर्शेलने पन्नास बटुदीर्घिका पाहिल्या. 2020 चा त्यांचा निष्कर्ष असा की, या दीर्घिकांतला 70 ते 100 टक्के रेणूरूप हायड्रोजन कार्बन मोनॉक्साइडच्या नजरेतून सुटतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची एक मीटरची दुर्बीणही हैदराबादहून बलूनने उंच जाऊन आपल्या आकाशगंगेतल्या ढगांत हीच 158 मायक्रॉनची रेषा मोजत आली आहे.

तेव्हा कार्बन मोनॉक्साइड दिसला नाही म्हणून ‘इथे वायू नाही’ असं लिहिणं चूक आहे. हर्शेलची उपकरणं गार ठेवणारं हेलियम एप्रिल 2013 मध्ये संपलं, पण तिची निरीक्षणं युरोपीय अवकाश संस्थेच्या संग्रहात सर्वांना मोफत खुली आहेत. भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनी त्यातली एखादी दीर्घिका उतरवून घ्यावी आणि तिच्या धुळीचा हिशेब स्वतः मांडून पाहावा. त्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही.