कोळशाची ‘रँक’ म्हणजे काय? मिथेन किती धरणार आणि कोळसा किती टिकणार, हे ती कशी ठरवते?

अंबरनाथ, बदलापूर किंवा उल्हासनगरला तुमच्याकडे पाइपचा गॅस आला असेल, तर तुमचा चहा ज्यावर उकळतो तो गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. हाच मिथेन कोळशाच्या खाणीत हवेत 5 ते 15 टक्के मिसळला की एक ठिणगी पुरते. 6 सप्टेंबर 2006 ला झारखंडमधल्या भाटडीह खाणीत असाच स्फोट झाला आणि 50 कामगार गेले.

आता प्रश्न असा की कोळशात मिथेन येतो कुठून, आणि एका खाणीत तो भरपूर तर दुसरीत नावापुरता, असं का? उत्तर आहे कोळशाची रँक.

रँक म्हणजे कोळसा किती ‘पिकला’ आहे ते. जमिनीखाली गाडल्या गेलेल्या झाडांचं आधी पीट होतं, मग दाब आणि उष्णतेने लिग्नाइट, सब-बिट्युमिनस, बिट्युमिनस आणि शेवटी अँथ्रासाइट. प्रत्येक पायरीवर पाणी कमी होतं, कार्बन वाढतो आणि मिथेन तयार होतो. (बातम्यांत येणारे जी-1 ते जी-17 हे ग्रेड वेगळे बरं का! ते उष्मांकावर ठरतात. रँक आणि ग्रेडमध्ये गल्लत करू नका.)

हा मिथेन कोळशात फुग्यातल्या हवेसारखा भरलेला नसतो. कोळशात डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं असतात आणि त्यांच्या भिंतींना गॅसचे रेणू चिकटून बसतात. याला म्हणतात अधिशोषण. तुमच्या वॉटर प्युरिफायरमधला कार्बन फिल्टर याच तत्त्वावर चालतो. खाणीत वरच्या खडकाचा आणि पाण्याचा दाब असेपर्यंत रेणू जागेवर राहतात. कोळसा फोडला, दाब उतरला, की ते सुटतात.

मग कमी रँकचा कोळसा मिथेन कमी का धरतो? एक तर त्यात मिथेन तयारच कमी झालेला असतो. दुसरं कारण लोकलने जाणाऱ्यांना लगेच कळेल. बदलापूरलाच सगळ्या सीटा भरल्या, तर उल्हासनगरला चढणाऱ्याला कोण बसायला देणार? कमी रँकच्या कोळशात पाण्याचे रेणू आधीच जागा धरून बसलेले असतात. रँक वाढली की पाणी उतरतं आणि मिथेनला सीट मिळते. प्रयोगशाळेत कोळसा पूर्ण वाळवून मोजला तर हे चित्र बदलतं, म्हणून ओलसर नमुन्याचे आकडे जास्त कामाचे.

मजबुतीचं गणित मात्र असं सरळ चढत नाही. लिग्नाइट बाजूला ठेवू, तो वाळला की आपोआप तडकतो. त्यापुढे सब-बिट्युमिनस बऱ्यापैकी चिवट. रँक वाढते तशा कोळशातल्या बारीक उभ्या भेगा दाट होतात आणि तो ठिसूळ होत जातो. राख आणि पाणी वगळून कार्बन 85 ते 90 टक्क्यांच्या आसपास असलेला कोळसा सगळ्यात कमजोर, कधी कधी हातानेही चुरता येतो. पुढे अँथ्रासाइटमध्ये रचना घट्ट होते आणि ताकद परत येते.

खरी गोम इथेच आहे. ज्या टप्प्यावर कोळसा सगळ्यात ठिसूळ, त्याच टप्प्यावर त्याच्याकडे गॅस भरपूर असतो. शिवाय चिकटलेला मिथेन कोळशाला किंचित फुगवतो आणि आणखी कमकुवत करतो. खोल खाणीत कधी अशा कोळशाची भिंत गॅससकट एकदम बाहेर फेकली जाते. जपानच्या युबारीमध्ये ऑक्टोबर 1981 मध्ये असंच झालं. गॅसच्या उद्रेकानंतर आग लागली आणि 93 जण मरण पावले.

आता आपल्या राज्याकडे येऊ. ठाणे जिल्ह्यात कोळसा नाही, इथे पायाखाली लाव्हाचा काळा बेसाल्ट. कोळसा आहे विदर्भात: चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घूस, वणी, उमरेड. तो 25 कोटी वर्षांहून जुना आहे, तरी फारसा पिकलेला नाही. सब-बिट्युमिनस ते खालच्या रँकचा बिट्युमिनस, ओलावा बऱ्यापैकी. भारतात भूमिगत खाणींच्या गॅसनुसार तीन डिग्री असतात. टनामागे 1 घनमीटरपर्यंत गॅस आणि हवेत त्याचं प्रमाण 0.1 टक्क्याच्या आत असेल तर पहिली, टनामागे 10 घनमीटरच्या वर गेलं की तिसरी. विदर्भातल्या खाणी बहुतेक पहिल्या डिग्रीत बसतात. म्हणूनच कोळशातून मिथेन काढून विकण्याचा धंदा 2007 मध्ये सुरू झाला तो बंगालच्या राणीगंजला, चंद्रपूरला नाही.

पण गॅस कमी म्हणजे खाण सुरक्षित, असं अजिबात नाही. कमी रँकचा कोळसा हवेतला ऑक्सिजन पटकन घेतो, तापतो आणि स्वतःहून पेटू शकतो. आणि भूमिगत खाणीत छत तोलायला कोळशाचेच खांब सोडलेले असतात. कोळसा आज चिवट असला तरी हवा, पाणी आणि वर्षं त्या खांबांना खातात. ऑगस्ट 2022 मध्ये घुग्घूसच्या आमराई वॉर्डात एक राहतं घर बघता बघता जमिनीत गडप झालं. त्या वस्तीखाली जुनी भूमिगत खाण होती.