लाकडी वाडगा : चूक होते कुठे, सावरायची कशी?

घरातले लाटणे, मुलांचा भोवरा, पाळण्याचे गोल दांडे या वस्तू लेथवर लाकूड फिरवून कातलेल्या असतात. हे काम करणाऱ्यास आपल्याकडे कातारी म्हणतात. सावंतवाडीची चितारआळी आणि कर्नाटकातील चन्नपट्टण ही ठिकाणे लाकूड कातून त्यावर लाखेचा रंग चढविण्याच्या कलेमुळेच देशभर ठाऊक झाली.

सुतारकाम शिकलेले आपले काही होतकरू तरुण आता लहान मोटारीचा लेथ घेऊन लाकडी वाडगे करू पाहतात. लाटणे जमले म्हणजे वाडगाही जमेल, असे त्यांना वाटते. पण पहिल्या पाचसहा ठोकळ्यांतच निम्मे लाकूड जळणात जाते. मग घरातली मंडळी म्हणतात, 'हा धंदा आपल्याला परवडायचा नाही.' आम्ही कचेरीत आकडे लिहिणारी माणसे. पण अशा तरुणांचे हिशेब पाहताना आमच्या ध्यानात आले की, नुकसान बहुधा त्याच चारपाच जागी होते. त्या जागा आधी ओळखल्या तर लाकूडही वाचते आणि उमेदही.

लाकूड ओले की सुके?

पहिली चूक लेथ सुरू होण्याआधीच घडते. ताजे लाकूड वाळताना आकसते, आणि सगळीकडे सारखे आकसत नाही. वर्तुळांच्या दिशेने ते जितके आकसते, त्याच्या साधारण निम्मेच गाभ्याच्या दिशेने आकसते. म्हणून ओल्या लाकडाचा गोल वाडगा महिन्याभरात लांबट होतो किंवा तडकतो. ओंडक्याचा मधला गाभा तर काढूनच टाकावा, कारण भेगा तिथूनच सुटतात. कापलेल्या टोकांना लगेच मेण फासावे.

ओले लाकूड स्वस्त मिळाले तर वाडगा दोनदा कातावा. पहिल्या वेळी भिंत जाड ठेवावी. वाडग्याच्या रुंदीचा दहावा हिस्सा हे माप धरावे. म्हणजे १० इंची वाडग्याला १ इंच. मग तो लाकडाच्या भुशासह कागदी पिशवीत घालून सावलीत ठेवावा. दर आठवड्याला वजन करून तारखेसह लिहावे. वजन उतरायचे थांबले की वाडगा वाळला. त्यानंतर तो पुन्हा लेथवर चढवून गोल करावा.

ठोकळा बसविताना

फेसप्लेटचे स्क्रू ज्या बाजूने वाडगा पोखरायचा त्या बाजूस मारावेत, म्हणजे त्यांची भोके पुढे आपोआप निघून जातात. बाहेरचा आकार आणि बुडाची बैठक करून घ्यावी व मग वाडगा उलटा करून चकमध्ये धरावा. चक नसेल तर बुडाला टाकाऊ लाकडाचा जोडठोकळा चिकटवावा. दोहोंच्या मध्ये जाड कागद घातला तर काम झाल्यावर पटाशीच्या हलक्या ठोक्याने जोड सुटतो.

लेथची गती हीसुद्धा चुकीची मोठी जागा आहे. वाडग्याची रुंदी इंचांत घेऊन तिला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणावे. गुणाकार ६,००० ते ९,००० च्या दरम्यान असावा. ८ इंची वाडग्याला ७५० ते ११०० फेऱ्या झाल्या. पण ठोकळा ओबडधोबड असेपर्यंत ४००-५०० च्या वर जाऊ नये. लेथ थरथरू लागला तर गती कमी करावी, हाताचा जोर वाढवू नये.

पटाशीचा झटका

चालत्या कामात पटाशी एकदम लाकडात घुसते, झटका बसतो आणि भिंतीवर खोल चरा उठतो. कारण बहुधा एकच असते. धारेमागचा उतार लाकडावर टेकलेला नसतो आणि नुसते टोक आत शिरते. म्हणून आधी उतार टेकवावा, मग मूठ हळूच उचलून धार लागू द्यावी. बाहेरून कातताना बुडाकडून काठाकडे यावे. आतून पोखरताना काठाकडून मध्याकडे जावे. उलट गेले की लाकडाचे तंतू उपटतात.

झटका बसलाच तर आधी लेथ थांबवावा. वाडगा चकमध्ये हलला आहे का ते पाहावे, पटाशीला पुन्हा धार लावावी आणि कागदाइतकी पातळ सालपटे काढीत चरा घालवावा. भिंत तेवढी जाड नसेल तर चऱ्याच्या जागी स्वच्छ गोल रेघ कोरावी आणि तिच्या जोडीला तशाच आणखी दोन रेघा काढाव्यात. ती नक्षी होते.

सतिपट्ठान सुत्तात श्वासाचे भान कसे ठेवावे हे समजावताना तथागतांनी कुशल कातारीचाच दाखला दिला आहे. ज्याचे ध्यान प्रत्येक ओढीवर आहे, त्याच्या हातून झटके कमी होतात, हे लेथवर उभे राहिलेल्या कोणासही पटेल.

बूड आणि काठ

बुडाला भोक पडते ते अंदाजाने पोखरल्यामुळे. आधी मध्यभागी हव्या त्या खोलीचे छिद्र पाडावे. ड्रिलला चिकटपट्टीची खूण करावी आणि छिद्र संपले की थांबावे. तरीही बूड फुटले तर भोक नीट गोल करून त्यात वेगळ्या रंगाच्या लाकडाची चकती सरसाने बसवावी व सपाट कातावी. असा वाडगा सुक्या जिनसांना चालतो.

काठ आधी पुरा करावा, मग खाली जावे. बूड झाल्यावर पातळ काठाकडे परत वळले तर तो लवतो, थरथरतो आणि फुटतो.

घासणे आणि तेल

प्रत्येक फेरीत दोन जागी तंतू उभे येतात. तिथेच खडबडीतपणा उरतो. तो पॉलिश पेपरने दाबून घासू नये, वाडगा वाकडा होतो. त्या जागी थोडे पाणी किंवा तेल लावून, ताज्या धारेने शेवटची पातळ सालपट काढावी. मग ८०, १२०, १८०, २४० या क्रमाने घासावे. मधला नंबर गाळला तर मागचे ओरखडे तेल लावल्यावर उठून दिसतात. एकाच जागी जोराने घासले तर उष्णतेने बारीक भेगा पडतात.

वाडग्याला गोडेतेल लावू नये, ते खवट होते. जवसाचे तेल वाळते, पण दुकानातल्या उकळलेल्या जवस तेलात धातूची औषधे घातलेली असतात. खाण्याच्या भांड्यास ते टाळावे. आणि हे तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. त्या आपोआप पेट घेतात. बाहेर पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

लाकूड पुन्हा मिळेल, डोळा मिळणार नाही

वाडग्याच्या चुका सावरता येतात, शरीराच्या येत नाहीत. लेथवर हातमोजे, सैल बाह्या, ओढणी, गळ्यातला दोरा नको. तोंडावर पूर्ण काच हवी. चालू करण्याआधी ठोकळा हाताने एक फेरा फिरवावा आणि बटण दाबताना त्याच्या समोर उभे राहू नये. तडा गेलेला ठोकळा चिकटवून फिरवू नये, तो सरळ चुलीत घालावा. लाकडाच्या धुळीने कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ साली नोंदले आहे. म्हणून नाकातोंडावर चांगला मास्क हवा आणि लेथ मुलांच्या झोपण्याच्या खोलीत नको.

एक वही ठेवा

शेवटी आमच्या पेशातली गोष्ट. प्रत्येक ठोकळ्याला नंबर द्या आणि चार रकाने आखा : लाकूड कोणते, किमतीला किती, तास किती, बिघडले तर कुठे. वीस वाडग्यांनंतर वही वाचा. सातआठ वेळा 'बूड' लिहिलेले दिसले तर नवे लाकूड आणण्याआधी खोली मोजायला शिका. फुटलेल्या ठोकळ्यांचा खर्च विकलेल्या वाडग्यांच्या किमतीत धरा, नाहीतर विक्री होऊनही हातात काही उरणार नाही.

आणि घरच्या वडीलधाऱ्यांनो, मुलाने ठोकळा फोडला तर त्याला रागावण्याआधी ती वही मागून पाहा. तीच चूक पुन्हा पुन्हा लिहिलेली असेल तर त्याला कातारीकडे शिकायला पाठवा. पण प्रत्येक पानावर चूक निराळी असेल, तर मुलगा शिकतो आहे. त्याला पुढचा ठोकळा आणून द्या.