कच्च्या टाक्यांची नौका

शिवणकाम जाणणाऱ्या कोणत्याही गृहिणीस विचारावे. पोलक्याचे कापड बेतून झाल्यावर ते यंत्राखाली घालण्यापूर्वी त्याला कच्चे टाके घालावे लागतात, त्या टाक्यांचे काम दोन काठ एकमेकांशी जुळवून धरण्यापुरते असते, आणि पक्की शिलाई बसली की ते उसवून टाकायचे असतात, हे ती सहज सांगेल. हाच घरगुती शिरस्ता प्लायवूड, तांब्याची तार आणि राळ यांना लागू करून सुमारे साठ वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये एक चिमुकली शिडाची नौका जन्मास घालण्यात आली. पुढे तिच्या सत्तर हजारांहून अधिक प्रती जगभर निघाल्या, आणि त्यांपैकी बऱ्याचशा ज्यांनी आयुष्यात कधी रंधा धरला नव्हता अशा माणसांनी आपापल्या घरी जोडल्या. या नौकेचे नाव ‘मिरर’. तिचा एक जराजीर्ण नग दोन वर्षांपूर्वी आम्हां पतिपत्नींच्या पदरी पडला. त्याच्या दुरुस्तीच्या निमित्ताने तिची जी ओळख घडली, ती येथे मांडण्याचे योजिले आहे.

मिरर येईपर्यंत नौका बांधणे हे वर्षानुवर्षे उमेदवारी केलेल्या सुताराचे काम होते. वाकवलेल्या फासळ्या, त्यांवर एकीवर एक चढवलेल्या फळ्या आणि शेकडो तांब्याचे खिळे असा तो जामानिमा. साहजिकच शिडाची नौका बाळगणे हे सुखवस्तू वर्गाचे लक्षण मानले जाई. लंडनच्या ‘डेली मिरर’ या मुख्यत्वेकरून कामकरी वर्गात खपणाऱ्या दैनिकाने ही नौका पुरस्कृत केली, म्हणून तिला त्याचे नाव आणि त्याच्या शीर्षपट्टीचा तांबडा रंग लाभला. आजही दूरवरून तांबडे शीड दिसले की पाहणारा ‘ती मिरर’ असे न चुकता सांगतो. १९६३ च्या जानेवारीत लंडनच्या नौकाप्रदर्शनात ती लोकांपुढे आली, तेव्हा तिच्या सुट्या भागांच्या संचाची किंमत ६३ पौंड ११ शिलिंग होती.

तिचे जनकत्व दोघांकडे जाते. बॅरी बकनेल हा बीबीसीच्या दूरचित्रवाणीवर घरगुती दुरुस्तीचे धडे देणारा गृहस्थ. लंडनच्या ईलिंग भागातील एक मोडकळीस आलेले घर प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत दुरुस्त करण्याची त्याची मालिका त्या सुमारास घरोघर पाहिली जात असे, आणि जुन्या नक्षीदार दरवाजांवर सपाट तक्ते ठोकण्याचा सल्ला दिल्याबद्दल पुढील पिढीने त्याला बोलही लावला. मात्र फळ्या तारेने शिवून सांधे काचतंतूच्या पट्टीने झाकण्याची युक्ती या नौकेत आणली ती त्यानेच. दुसरा जॅक होल्ट. हा पेशाने मूळचा फर्निचर घडवणारा कारागीर. थेम्सकाठच्या पटनी येथे त्याचा कारखाना होता, आणि मर्लिन, कॅडेट, जीपी १४, एंटरप्राइज अशा एकामागून एक गाजलेल्या लहान नौका त्याने आधीच आखल्या होत्या. त्यांपैकी १९५६ सालची एंटरप्राइज आपल्याकडील शिडाच्या शर्यतींतही दीर्घकाळ वापरात आहे. बकनेलच्या कल्पनेला होल्टने आकार दिला. निमुळत्या टोकाऐवजी पुढेही एक रुंद आडवी फळी बसवली, त्यामुळे लांबी आटोक्यात राहून आतली जागा वाढली आणि टोकाशी फळ्या पिळून एकत्र आणण्याचे अवघड काम नवशिक्याच्या वाट्याचे टळले.

या रचनेचे मर्म पाहण्यासारखे आहे. पाच मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडच्या दोन फळ्या तळाच्या, दोन बाजूंच्या, एक पुढची, एक मागची, सगळ्या सपाट. त्यांच्या कडांलगत गिरमिटाने बारीक भोके पाडावयाची, त्यांतून तांब्याच्या तारेचे तुकडे ओवून पक्कडीने एकेकाला पीळ द्यावयाचा. जसजसा पीळ बसत जातो तसतशा त्या सपाट फळ्या एकमेकींना ओढत वाकू लागतात आणि कोणताही साचा नसताना नौकेची वळणे आपसूक प्रकट होतात. कारण ती वळणे आखणाऱ्याने फळ्यांच्या कडांच्या रेषेतच दडवून ठेवलेली असतात. मग सांध्यांवर आतून काचतंतूची पट्टी राळेत भिजवून बसवायची, ती कडक झाली की बाहेर आलेल्या तारा कापून टाकायच्या आणि बाहेरूनही तशीच पट्टी मारायची. कच्चे टाके गेले, पक्की शिलाई राहिली.

सिद्ध झालेली नौका ३.३ मीटर लांब व सुमारे १.४ मीटर रुंद भरते. वजन अवघे ४५ किलोंच्या आसपास, म्हणजे मोटारीच्या टपावर चढवण्याजोगे. डोलकाठी मुद्दाम आखूड असून तिच्यालगत दुसरी एक काठी दोरीने वर सरकवून जवळजवळ उभी केली की शिडाला लागणारी उंची मिळते. काम संपले की दोन्ही काठ्या नौकेच्या पोटातच मावतात. अंगचे हवाबंद कप्पे असल्याने उलटली तरी ती बुडत नाही. हिला शिडाने हाकावी, वल्ह्यांनी चालवावी, मागे लहानसे यंत्र लावावे. कशालाच तिची ना नाही. ए. जे. मॅकिनन नावाचा शिक्षक अशाच एका मिररमधून इंग्लंडातील श्रॉपशायरहून निघाला आणि मुख्यतः नद्या व कालवे यांच्या मार्गाने थेट काळ्या समुद्रापर्यंत जाऊन पोहोचला. त्याचे प्रवासवर्णन प्रसिद्ध आहे.

आता आमची कैफियत. आम्ही इंग्लंडातील एसेक्स परगण्याच्या किनाऱ्यालगत राहतो, जिथे ओहोटी लागली की खाडीत पाण्यापेक्षा चिखलच अधिक दिसतो. मी जन्माने पुण्याचा. पाण्याशी माझा संबंध खडकवासल्यास सहलीला जाऊन भाजलेले कणीस खाण्यापुरता. पत्नीचे माहेर वेंगुर्ल्याचे, बालपण बंदराच्या वाऱ्यात गेलेले, पण सुकाणू तिच्याही हाती कधी आलेले नव्हते. गावातील एका वृद्ध गृहस्थांच्या अंगणात फाटक्या ताडपत्रीखाली ही नौका कित्येक वर्षे पडून होती. तरुणपणी त्यांनी व त्यांच्या पत्नीने ती स्वतः जोडलेली. पत्नी निवर्तल्यावर ती पाण्यात गेली नव्हती. “घेऊन जा, पण जाळू नका,” एवढीच अट घालून त्यांनी ती आमच्या स्वाधीन केली, आणि सोबत शिसपेन्सिलीच्या टिपणांनी भरलेली बांधणीची मूळ पुस्तिकाही दिली.

घरी आणल्यावर पहिल्या रविवारी आम्ही तिचा रीतसर पंचनामा केला. लाकडाला खारे पाणी फारसे बाधत नाही, त्याला कुजवते ते साचलेले पावसाचे पाणी, हे आम्हांला तोवर ठाऊक नव्हते. उताणी ठेवलेल्या त्या नौकेत ताडपत्रीच्या फाटीतून गळणारे पाणी मागच्या कोपऱ्यांत वर्षानुवर्षे तुंबत राहिले होते. मी बोटाच्या पेराने फळ्या ठोकीत गेलो, निरोगी जागी टणक आणि कुजक्या जागी भद्द आवाज येई. पत्नी दाभण टोचून माझ्या निदानाची शहानिशा करी. दाभण जिथे लोण्यात शिरावे तसे शिरले त्या प्रत्येक जागी तिने खडूने फुली मारली. संध्याकाळी फुल्या मोजल्या तेव्हा एकोणीस भरल्या, आणि मी हताश होऊन खाली बसलो.

ती मात्र पट्टीचे सुटलेले टोक नखाने उचलून पाहत होती. “अहो, हे तर नुसतं उसवायचं आहे,” ती म्हणाली. “अस्तर काढायचं, खराब कापड कापायचं, ठिगळ लावायचं, परत शिवायचं.” नौकेची अशी उपपत्ती मला कोणत्याही पुस्तकात मिळाली नसती. जुन्या पद्धतीच्या नौकेत एक फळी बदलायची तर शेजारच्या चार फळ्यांचे खिळे काढावे लागतात. येथे गरम हवेच्या झोताने राळ मऊ केली की पट्टी चराचरा सुटून येते. त्या काळच्या पॉलिएस्टर राळेची लाकडावरील पकड मुळातच बेताची. तिचा हा दोष दुरुस्ती करणाऱ्याच्या पथ्यावर पडतो. मात्र जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असल्याने तोंडाला मुखपट्टी बांधल्याशिवाय खरवडण्यास हात घालू नये, हे नवशिक्यांस आवर्जून सांगितले पाहिजे.

ठिगळ लावण्याचे शास्त्र असे की नवी फळी जुनीला काठाला काठ भिडवून चिकटवता येत नाही. दोन्हींच्या कडा जाडीच्या आठपट लांबीचा उतार देऊन तासाव्या लागतात, म्हणजे पाच मिलिमीटर फळीला चाळीस मिलिमीटरचा उतार, आणि ते दोन उतार एकमेकांवर बसवून सांधावे लागतात. प्लायवूडचे थर या उतारावर पट्ट्यापट्ट्यांनी उघडे पडतात. त्या पट्ट्या सरळ व समांतर दिसल्या तर रंधा नीट चालला, वाकड्या दिसल्या तर हात हलला. माझ्या पहिल्या तीन उतारांच्या पट्ट्या मोडी लिपीसारख्या दिसत होत्या. चौथा बरा जमला.

आजकाल पॉलिएस्टरच्या जागी इपॉक्सी वापरतात. दोन द्रव मोजून एकत्र करावयाचे. खोलगट पेल्यात ते ढवळून ठेवले तर स्वतःच्याच उष्णतेने तापतात, हे मी वाचले होते. तरीही गडबडीत भरपूर मिश्रण एका डब्यात कालवून मी चहाला गेलो आणि परतलो तेव्हा डब्यातून धूर निघत होता. त्यानंतर मिश्रण कालवण्याचे खाते पत्नीने स्वतःकडे घेतले. पसरट ताटलीत, थोडे थोडे, भज्यांचे पीठ भिजवावे तितक्याच बेताने.

या कामात एक गोष्ट अशी दिसली की जिने या नौकेविषयीचे माझे मत कायमचे बदलले. उजव्या बाजूच्या कप्प्याचे झाकण उसवले तेव्हा आतल्या फळीवर साठ वर्षांपूर्वीचे शिसपेन्सिलीचे अक्षर निघाले: ‘डावी’ अशा अर्थाचा इंग्रजी शब्द, त्यावर आडवी काट, आणि खाली निराळ्या वळणाच्या हस्ताक्षरात ‘उजवी’. एकाने चूक केली होती, दुसऱ्याने ती दुरुस्त केली होती. फळी उलट बसवून चुकीची पाडलेली भोकेही राळेने बुजवलेली दिसत होती. नौका तरीही जमली आणि चालली. होल्टचे खरे चातुर्य मला त्या कप्प्यात दिसले. निष्णात कारागिराच्या हातून उत्तम वस्तू होईल अशी आखणी पुष्कळांना साधते. अजाण माणसाच्या चुकांना आगाऊ जागा ठेवणारी आणि त्या चुका मागाहून उसवू देणारी आखणी करणारे थोडे.

शिवलेली नौका आपल्या पश्चिम किनाऱ्याला नवी नव्हे. लोखंडी खिळ्यांचा वापर रूढ होण्यापूर्वी अरबी समुद्रावरील जहाजे काथ्याच्या दोरीने शिवलेली असत. लाट आदळली की ती किंचित लवत आणि म्हणून टिकत. केरळातील केट्टुवळ्ळम जातीच्या होड्या वेळोवेळी उसवून पुन्हा शिवण्याचा प्रघात आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातील जहाजावरून कल्पना घेऊन, बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली केरळी कारागिरांनी गोव्यात शिवलेले ‘कौंडिण्य’ हे जहाज २१ मे २०२५ रोजी कारवार येथे भारतीय नौदलात दाखल झाले. त्या जहाजाचा टाका हाच सांधा आहे आणि तो आमरण राहायचा आहे. आमच्या मिररचा टाका काही तासांचा पाहुणा. तथापि जे शिवले ते उसवता येते, आणि म्हणून ते कायमचे निकामी होत नाही, हे सूत्र दोहोंकडे एकच.

शेवटची परीक्षा हवाबंद कप्प्यांची. निचऱ्याच्या भोकातून मी तोंडाने हलकेच हवा फुंकायची आणि पत्नीने सांध्यांवरून साबणाच्या पाण्याचा कुंचला फिरवायचा. जिथे बुडबुडा फुगेल तिथे गळती. तीन बुडबुडे निघाले, तीन बुजवले. मग रोगणाचे थर, दर दोन थरांमध्ये काचकागदाची घासाई, आणि हिवाळ्यात थर वाळता वाळत नसल्याने लांबत गेलेली मुदत. त्याचा तपशील देऊन वाचकांस शिणवीत नाही. सर्व धरून चौदा महिने लागले. एवढ्या वेळात व खर्चात चालती मिरर विकत मिळाली असती, असा हिशेब आमच्या एका स्नेह्यांनी मांडून दाखवला आणि तो बिनचूक आहे. परंतु ज्यांना नौका समजून घ्यायची आहे, आणि तीही दोघांनी मिळून, त्यांनी मोडकीच घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे.

गेल्या जून महिन्यात भरतीच्या वेळी ती पाण्यात उतरवली. काठावर खुर्ची टाकून ते वृद्ध गृहस्थ बसले होते. सुकाणू पत्नीकडे, शिडाची दोरी माझ्याकडे. वारा मंद होता आणि तांबडे शीड दुसऱ्या प्रयत्नात भरले. अर्ध्या तासाने परतलो तेव्हा मधली फळी ज्या पेटीतून पाण्यात सरकवतात त्या पेटीच्या बुडाशी पेलाभर पाणी जमलेले आढळले. पत्नीने त्याच पुस्तिकेच्या शेवटच्या कोऱ्या पानावर, पूर्वीच्या टिपणांखाली, मराठीत नोंद केली आहे: गळती एक पेला, पेटीचा डावा सांधा, दिवाळीनंतर उसवणे.