प्रवासाचा कागद

समजा, हैदराबादला तुमच्या खालाच्या घरी लग्न आहे. तुम्ही मुंबईत राहता. घरात अब्बा, अम्मी, दादी, तुम्ही आणि तुमचा धाकटा भाऊ अशी पाच माणसे आहेत. आगगाडीची तिकिटे मिळाली नाहीत, म्हणून मोटारीने जायचे ठरले. घरात आनंदीआनंद झाला. लगेच कोणीतरी म्हणाले, "रात्री निघू. रस्ता मोकळा असतो. सकाळी हैदराबाद!" दुसरे कोणी म्हणाले, "थांबायचे कुठे, ते वाटेत पाहू."

विद्यार्थी मित्रांनो, ही दोन्ही वाक्ये आपण नेहमी ऐकतो. ती ऐकायला सोपी वाटतात, पण त्यांत मोठा धोका लपलेला आहे. लांबचा प्रवास सुखाचा होण्यासाठी निघण्याआधी एक कागद तयार करावा लागतो. या कागदावर रस्ता, वेळ, थांबे, खर्च आणि प्रत्येकाचे काम लिहायचे असते. हा कागद कसा तयार करायचा ते आपण पाहू. हे काम तुम्ही स्वतः करू शकता. त्यासाठी गाडी चालवता येण्याची गरज नाही. थोडा भूगोल, थोडे गणित आणि घरातल्या माणसांची काळजी एवढे पुरेसे आहे.

सुरुवात नकाशापासून करा. नकाशा, सामान, तयारी, खर्च, हिशेब हे शब्द तुमच्या ओळखीचे आहेत, कारण ते उर्दूतही आहेत आणि मराठीतही. 'मुक्काम' हा शब्दही तसाच आहे. उर्दूत 'मुकाम' म्हणजे ठिकाण. मराठीत प्रवासात एखाद्या ठिकाणी थांबून राहण्याला 'मुक्काम करणे' म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा. आपल्याला तो पुढे लागणार आहे.

मुंबईहून हैदराबादला जाताना प्रथम लोणावळ्यावरून पुण्याला जावे लागते. पुण्याहून राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 65 सुरू होतो. पूर्वी त्याचा क्रमांक 9 होता. हा महामार्ग इंदापूर, टेंभुर्णी आणि मोहोळवरून सोलापूरला जातो. पुढे नळदुर्ग आणि उमरगा ही गावे लागतात. त्यानंतर कर्नाटकातील हुमनाबाद येते. मग तेलंगणातील जहीराबाद आणि संगारेड्डी ओलांडून आपण हैदराबादला पोहोचतो. म्हणजे एका प्रवासात तीन राज्ये! दुकानांच्या पाट्या आधी मराठीत, मग कन्नडमध्ये आणि शेवटी तेलुगूमध्ये दिसू लागतात.

आता अंतर लिहा. मुंबई ते पुणे सुमारे 150 किलोमीटर, पुणे ते सोलापूर सुमारे 250 किलोमीटर आणि सोलापूर ते हैदराबाद सुमारे 310 किलोमीटर. एकूण अंतर सुमारे 710 किलोमीटर झाले.

यापुढचे गणित पुष्कळ लोक चुकवतात. ते म्हणतात, "चांगल्या रस्त्यावर गाडी ताशी 80 किलोमीटर वेगाने जाते. 710 ला 80 ने भागले की झाले. नऊ तासांत पोहोचू." पण गाडी सारा वेळ ताशी 80 किलोमीटर वेगाने जात नाही. मुंबईतून बाहेर पडताना वाहनांची गर्दी असते. घाटात वेग कमी करावा लागतो. पुण्यातून हडपसरच्या पुढे निघेपर्यंत बराच वेळ जातो. टोलनाके, गावे, वळणे आणि रस्त्याची कामेही असतात. म्हणून कुटुंबाच्या प्रवासात सरासरी वेग ताशी 50 किलोमीटर धरावा. 710 ला 50 ने भागले की सुमारे 14 तास येतात. हे झाले केवळ चाके फिरण्याचे तास. नाश्ता, जेवण, नमाज आणि विश्रांती यांना आणखी 3 तास लागतील. एकूण 17 तास झाले. सकाळी 6 वाजता निघालो तर रात्रीचे 11 वाजतील. मोबाइलवरचा नकाशा वेळ सांगतो, पण त्यात तुमच्या दादीच्या विश्रांतीची वेळ धरलेली नसते. ती आपणच धरायची.

"मग रात्रभर गाडी चालवली तर काय बिघडले?" असे तुम्ही विचाराल. बिघडते ते झोपेमुळे. आपल्या शरीराला दिवस-रात्रीची सवय असते. पहाटे 2 ते 5 या वेळात झोपेचा जोर सर्वांत जास्त असतो. दिवसभर काम करून रात्री गाडी चालवायला बसलेल्या माणसाला या वेळी डुलकी येऊ शकते. ती आली हे त्याचे त्यालाही कळत नाही. ताशी 80 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात 22 मीटर पुढे जाते. क्रिकेटची खेळपट्टी सुमारे 20 मीटर लांब असते. म्हणजे 3 सेकंद डोळे मिटले तर गाडी तीन खेळपट्ट्यांहून अधिक अंतर कोणी न चालवता जाते! तेवढ्यात समोर बंद पडलेला ट्रक असला तर काय होईल, याचा विचार करा.

झोप घालवण्यासाठी काही लोक खिडकी उघडतात, मोठ्याने गाणी लावतात किंवा चहावर चहा पितात. त्याने थोडा वेळ बरे वाटते, पण झोप जात नाही. झोपेवर झोप हाच उपाय आहे. गाडी सुरक्षित जागी उभी करून 15-20 मिनिटे डुलकी घेतली तर चालकाला हुशारी येते. रात्रीची झोप मात्र पूर्णच हवी. म्हणून आपल्या कागदावर एक मुक्काम लिहायचा. मुंबई आणि हैदराबाद यांच्या मधोमध असलेले मोठे शहर म्हणजे सोलापूर. तेथे मुक्काम करू.

आता पहिल्या दिवसाचे वेळापत्रक लिहा. सकाळी 6 वाजता मुंबईहून निघायचे. 8 वाजता लोणावळ्याजवळ अर्धा तास नाश्ता. साडेदहा वाजता हडपसरच्या पुढे एक लहान थांबा, 15 मिनिटे. दुपारी 1 वाजता इंदापूरजवळ जेवण आणि जोहरची नमाज, एक तास. या भागात भीमा नदीवरच्या उजनी धरणाचे विस्तीर्ण पाणी पसरलेले आहे. हिवाळ्यात भिगवणजवळ रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. 2 वाजता निघून 4 वाजता सोलापूर. काही अडचण आली तर हाताशी असावा म्हणून एक तास जास्त धरा. तरीही 5 वाजता, उजेड असतानाच, आपण मुक्कामाला पोहोचतो. सोलापूर चादरींसाठी प्रसिद्ध आहे. खालाला भेट द्यायला येथूनच एक चादर घेता येईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी 7 वाजता निघायचे. 8 वाजता नळदुर्ग. येथील किल्ल्यात बोरी नदीवर दगडी बंधारा बांधलेला आहे आणि बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, विजापूरचा सुलतान दुसरा इब्राहिम आदिलशहा याच्या काळात तो बांधला गेला. पावसाळ्यात नदीला भरपूर पाणी आले की ते बंधाऱ्यावरून कोसळते आणि त्याच्या मागे महालाची दालने असतात. एक तास येथे द्या. 11 वाजता हुमनाबादजवळ लहान थांबा. साडेबाराला जहीराबादजवळ जेवण. दीड वाजता निघून 4 वाजण्याच्या सुमारास हैदराबाद. दुपारच्या जेवणानंतरही डोळे जड होतात. म्हणून जेवण हलके घ्यावे आणि निघण्याआधी थोडे चालावे.

या वेळापत्रकात दर दोन-सव्वादोन तासांनी एक थांबा आहे, हे तुमच्या लक्षात आले असेल. हे थांबे कोणासाठी आहेत? चालकासाठी तर आहेतच, पण दादीसाठीही आहेत. एका जागी फार वेळ बसल्याने वयस्क माणसांचे पाय सुजतात आणि गुडघे आखडतात. काही जण स्वच्छतागृह मिळेल की नाही या काळजीने पाणीच पीत नाहीत. त्यामुळे त्यांना चक्कर येते. लहान मुलांना मळमळते, पण ते वेळेवर सांगत नाहीत. डोंगरवाटेने जाणारा काफिला आपल्यातल्या सर्वांत हळू चालणाऱ्याला मागे टाकत नाही. मोटारीच्या प्रवासाचा वेगही घरातल्या सर्वांत अशक्त माणसाकडे पाहून ठरवावा.

माणसांनंतर गाडीकडे वळू. निघण्यापूर्वी तीन-चार दिवस आधी गाडी कारागिराला दाखवावी, म्हणजे दुरुस्तीला वेळ मिळतो. ब्रेक, दिवे, वायपर आणि इंजिनातील तेल तपासावे. टायरमधील हवा टायर थंड असताना मोजावी. हवा किती हवी तो आकडा बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराजवळ लिहिलेला असतो. हवा कमी असेल तर टायर जास्त तापतो आणि फुटू शकतो. स्टेपनीतही हवा आहे ना, हे विसरू नका. वाटेत इंजिन तापले तर गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतील उकळते पाणी अंगावर उडते.

सामान बेताचे घ्यावे. जड वस्तू डिकीत खाली ठेवाव्यात. मागच्या काचेजवळ डबा किंवा बाटली ठेवू नये. एकदम ब्रेक लागला की गाडी थांबते, पण सुटी वस्तू त्याच वेगाने पुढे फेकली जाते. विज्ञानात तुम्ही जडत्वाचा नियम शिकता, तो हाच. माणसालाही तो लागू आहे. म्हणून पुढे बसणाऱ्यांप्रमाणे मागे बसणाऱ्यांनीही सीट बेल्ट लावलाच पाहिजे. तसा नियमच आहे. धाकट्या भावाला पुढच्या आसनावर कोणाच्या मांडीवर बसवू नका. मुलांची जागा मागे.

वाहनाचे नोंदणी प्रमाणपत्र, विमा, प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र आणि चालकाचा परवाना एका पाकिटात ठेवा. फास्टॅगच्या खात्यात पैसे आहेत का ते पाहा. दादीची रोजची औषधे डिकीतल्या पेटीत न ठेवता हाताशी ठेवा. पाणी, सुका खाऊ, प्रथमोपचार पेटी, टॉर्च आणि मळमळणाऱ्यांसाठी काही पिशव्या घ्या. कागदाच्या कोपऱ्यात ठळक अक्षरांत दोन क्रमांक लिहा: कोणत्याही संकटासाठी 112 आणि राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठी 1033.

खर्चाचा हिशेबही याच कागदावर करा. तुमची गाडी एका लिटरमध्ये 16 किलोमीटर जाते असे समजू. मग 710 किलोमीटरसाठी सुमारे 44 लिटर इंधन लागेल. जाऊन-येऊन 88 लिटर. त्याला त्या दिवशीच्या दराने गुणा. त्यात टोल, जेवण आणि मुक्कामाचे भाडे मिळवा. अचानक येणाऱ्या खर्चासाठी काही रक्कम वेगळी ठेवा. काही रोख पैसेही जवळ असू द्या, कारण प्रत्येक ठिकाणी मोबाइलने पैसे देता येतीलच असे नाही.

आता कामांची वाटणी करा. गाडी चालवणे हे अब्बांचे काम. फोन घेणे आणि रस्ता पाहणे हे शेजारी बसलेल्या अम्मीचे काम. चालकाने फोन हातात घ्यायचाच नाही. औषधांची वेळ दादी सांगतील. खाऊ वाटणे आणि कचरा पिशवीत जमा करणे हे धाकट्या भावाचे काम. तुमचे काम मात्र सर्वांत महत्त्वाचे आहे. हा कागद तुम्ही सांभाळायचा.

ते महत्त्वाचे का, हेही सांगतो. गाडी चालवणारा थकला तरी बहुधा "मी थकलो" असे म्हणत नाही. घरातली मोठी माणसे वाट पाहत असतात, लग्नाचा दिवस जवळ आलेला असतो, म्हणून तो "अजून थोडे जाऊ" म्हणतो. दादींना थांबावेसे वाटते, पण आपल्यामुळे सर्वांना उशीर होईल म्हणून त्या गप्प बसतात. मुले मोठ्यांना कसे सांगणार? अशा वेळी हा कागद उपयोगी पडतो. थांबे आधीच सर्वांनी मिळून ठरवलेले असतात, म्हणून थांबा मागणारा कोणी एक माणूस राहत नाही. तुम्ही फक्त वाचायचे, "अब्बा, साडेदहा वाजले. कागदावर थांबा लिहिला आहे." यात उद्धटपणा नाही. कोणाचा कमीपणाही नाही.

कधी रस्ता बंद असेल, कधी पाऊस येईल, कधी टायर पंक्चर होईल. मग कागदावरच्या वेळा खोडून नव्या लिहा. हैदराबादला तीन तास उशिरा पोहोचलात तरी चालेल. अंधार पडू लागला तर उमरग्याला किंवा जहीराबादला दुसरा मुक्काम करा आणि खालाला फोनवर कळवा. वेळा बदलल्या तरी थांबे मात्र खोडू नका.