धातुशोधक, जुने
जमिनीत वा अन्य माध्यमात दडलेली धातूची वस्तू विद्युत् चुंबकीय प्रवर्तनाच्या साहाय्याने शोधणारी प्रारंभीच्या काळातील उपकरणे. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ मध्ये अमेरिकेचे जखमी राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातील गोळी अशा साधनाने शोधली; परंतु शय्येतील पोलादी तारांमुळे व शरीराची एकच बाजू तपासू दिल्यामुळे ती सापडली नाही. पोलिश अधिकारी यूझेफ कोसाट्स्की यांचा सुरुंगशोधक १९४२ मध्ये एल् अलामेनच्या लढाईत उपयोगी पडला.

अनेक जुन्या शोधकांत दोन आंदोलकांच्या कंप्रतांतील फरक स्वररूपाने ऐकू येतो. धातूजवळ वेटोळे नेताच स्वर बदलतो. लोखंड व मौल्यवान धातू यांतील भेद मात्र त्यांना सहसा कळत नाही. संग्राहकांनी इलेक्ट्रॉन नलिकांचे शोधक वापरण्यापूर्वी जीर्ण धारित्रे बदलणे इष्ट असते.