गाडीच्या उजेडाने लागणारा दिवा

सकाळी ८. दुकान उघडलं. आमचं मनावर गाव म्हणजे विंध्याच्या खालचं, नर्मदेच्या अलीकडचं निमाड; फेब्रुवारी संपत आला की पत्रा सकाळीच तापू लागतो. आमच्या घरात मराठी, गल्ल्यावर हिंदी, खेड्यातल्या गिऱ्हाइकाशी निमाडी. पहिला आला मिक्सर. कार्बन ब्रश झिजलेले, बदलले, दिला.

१०.३०. इंदूरच्या महाराणी रोडवरून मागवलेलं पार्सल बसने आलं. एलडीआर (उजेडाने रोध बदलणारा रेझिस्टर), प्रीसेट (फिरवून रोध बदलायचा रेझिस्टर) आणि ५५५ हा टायमर आयसी. ५५५ चा आराखडा हान्स कामेनझिंड या स्विस इंजिनिअरने १९७१ मध्ये केला आणि सिग्नेटिक्सने तो १९७२ मध्ये बाजारात आणला. पन्नास वर्षांनंतरही तो आठ पायांचा किडा आमच्या डब्यात असतोच.

दुपारी १. नववीतली भाची पुठ्ठ्याचं घर घेऊन हजर. उद्या २८ फेब्रुवारी, विज्ञान दिन, शाळेत प्रदर्शन. "मामा, बाबा रात्री गाडीवरून आले की तिच्या उजेडाने अंगणातला दिवा लागला पाहिजे. कुलूप उघडेपर्यंत राहिला पाहिजे, मग आपला आपण विझला पाहिजे." प्रदर्शनात बाकीचे अंधार पडला की लागणारा दिवा मांडतात. ही उलटं मागते, आणि कामाचं मागते.

पुस्तकी जोडणी सोपी आहे. १२ व्होल्टपासून १० किलोओहमचा रेझिस्टर पिन २ ला, तिथून एलडीआर जमिनीला. उजेड पडला की एलडीआरचा रोध कोसळतो, पिन २ वरचा दाब पुरवठ्याच्या एक तृतीयांशाखाली जातो आणि पिन ३ चालू होते. ती किती वेळ राहील, हे पिन ६-७ वरचे रेझिस्टर आणि कपॅसिटर ठरवतात: १.१ गुणिले आर गुणिले सी. आम्ही ४७० किलोओहम आणि १०० मायक्रोफॅरड घेतले. हिशेबाने जवळजवळ ५२ सेकंद. पिन ३ वर दोन पांढरे एलईडी एकामागे एक, सोबत २२० ओहम. ब्रेडबोर्डवर टॉर्च मारला, दिवा लागला, मिनिटभराने विझला. पोरगी नाचली.

३.३०. दुकानाचं तोंड पश्चिमेला. ऊन टेबलावर आलं आणि दिवा विझेचना. ५५५ चा यात दोष नाही: पिन २ खाली दाबून धरलेली असेल तर वेळ संपली तरी तो चालूच राहतो. म्हणजे खऱ्या अंगणात हा दिवा दिवसभर जळणार. भाची म्हणाली, "एलडीआर काळ्या नळीत घालू." नळीने आजूबाजूचा उजेड कमी होतो, ऊन थोडंच अडतं? १० किलोओहमच्या जागी प्रीसेट लावून फिरवून पाहिला, पण टॉर्च आणि ऊन यांतला फरक त्याला कळत नाही. फरक उजेडाच्या मापात नाहीच. तो वेगात आहे. सूर्य हळू चढतो, गाडी एका क्षणात वळते.

५.००. म्हणून एलडीआर पिन २ ला थेट न जोडता मध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घातला, धन टोक पिन २ कडे. पिन २ ला वरून १०० किलोओहम, आणि उलट झटका शोषायला १एन४१४८ डायोड पिन २ कडून पुरवठ्याकडे. हळू बदल कपॅसिटर पलीकडे पोहोचूच देत नाही. झटका मात्र जातो. दिवसा एलडीआर आधीच निपचित असल्यामुळे गाडीच्या दिव्याने तिथे काही घडत नाही. मला ही जोडणी पुस्तकातल्या मूळ जोडणीपेक्षा कितीतरी जास्त आवडते. मधे एक पंखा आणि एक रिमोट आला. त्यांना उद्या या म्हटलं.

६.००. व्हेरोबोर्डवर सोल्डरिंग. भाचीनेच केलं. आयसी थेट न डागता आयसी बेस लावला.

७.३०. अंधार पडल्यावर मेहुण्यांनी गाडी गल्लीत वळवली. पुठ्ठ्याच्या अंगणात दिवा लागला. घड्याळ लावून पाहिलं तर ५२ नाही, पुरं मिनिट. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरवर छापलेल्या आकड्यात वीस टक्के उणंअधिक चालतं. कुलपाला तेवढं पुरतं.

कोणी हे घरी बांधणार असेल तर ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर बांधू नका. साधा ५५५ नुसता वाट बघत असतानाही काही मिलिअँपिअर खातो, दोन-तीन दिवसांत ती संपते. १२ व्होल्टचा अडॅप्टर घ्या, नाहीतर ७५५५ हा सीमॉस प्रकार मागून घ्या; पाय तेच, खाणं फार कमी.