एक वर, एक खाली

बांबूची गोल टोपली विणताना आधी तळ बांधतात, मग कामट्या उभ्या करतात आणि त्यांच्यामधून एक लांब, पातळ पट्टी फिरवत नेतात. एका कामटीच्या वरून, पुढच्या कामटीच्या खालून. एक वर, एक खाली. पट्टी फेरी मारून जिथून निघाली तिथे परत आली, की टोपलीचं भवितव्य ठरतं. उभ्या कामट्या सोळा असतील, तर दुसऱ्या फेरीतही पट्टी त्याच कामट्यांच्या वरून आणि त्याच कामट्यांच्या खालून जाते. वीण बसतच नाही. कामट्या सतरा असतील, तर पहिल्या फेरीत पट्टी जिथे वर होती तिथे दुसऱ्या फेरीत ती खाली येते आणि टोपली घट्ट होते. म्हणून एकाच पट्टीने विणायचं तर कामट्या विषम लागतात. सम निघाल्या तर एक कामटी चिरून तिच्या दोन करतात.

आता माळेचं बघा. लाल झेंडू, पिवळा झेंडू, लाल, पिवळा असं ओवत जाऊन दोरा गोल बांधायचा असेल, तर फुलं सम हवीत. विषम झाली तर गाठीपाशी दोन सारखी फुलं शेजारी येतात. चार वर्षांच्या मुलालाही ते खटकतं. का खटकलं ते त्याला सांगता येत नाही, पण बोट बरोबर तिथेच जातं.

एक ठरावीक तुकडा पुन्हा पुन्हा येऊन जी रचना होते, तिला आपल्या शाळेच्या पुस्तकांत आकृतिबंध म्हणतात. पहिली-दुसरीच्या गणितात तिचं एखादं पान असतं आणि ते लवकर उलटलं जातं. मला वाटतं, ते पान उलटण्याआधी पुष्कळ दिवस थांबायला हवं, आणि तेही अंगणवाडीच्या वयापासून. त्यासाठी ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड-शहापूरच्या डोंगरपट्ट्याइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही.

मुरबाड तालुक्यात भीमाशंकरच्या रांगेला लागून सिद्धगड उभा आहे. २ जानेवारी १९४३ रोजी स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना इथेच हौतात्म्य आलं, म्हणून गडाचं नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे. भाई कोतवालांनी भूमिगत होण्याआधी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या होत्या, हे मात्र फारसं बोललं जात नाही. गडाखाली नारिवलीसारखी गावं आहेत. भातखाचरं, उतारावरची नाचणी-वरी, कारवीच्या कुडाच्या भिंती, आणि ठाकर, महादेव कोळी, कातकरी यांची वस्ती. कूड म्हणजे तरी काय? उभ्या-आडव्या काड्यांची वीण आणि वर शेणमातीचा हात. लग्नात वारली सुवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्याच्या चारी कडांना साखळीसारख्या, नागमोडी, त्रिकोणी नक्षीच्या पट्ट्या एकाशेजारी एक धावतात. गौरीच्या नाचातली पावलंही तशीच, ठरावीक फेऱ्यांत परत येणारी. या घरांतलं मूल शाळेत यायच्या आधीच आकृतिबंधांत राहिलेलं असतं.

या मुलांच्या घरातलं आणि रानातलं सामान हेच शिक्षणाचं साहित्य, हा विचार जुन्या ठाणे जिल्ह्यातच रुजला. ताराबाई मोडक गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला मॉन्टेसरी पद्धतीचं काम करून आल्या होत्या. १९४५ साली त्यांनी अनुताई वाघ यांच्यासोबत बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. पुढे १९५७ मध्ये हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. ते गाव २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होतं, आता पालघरमध्ये आहे. मॉन्टेसरीची लाकडी साधनं महाग होती आणि आदिवासी पाड्यावर ती न्यायची कशी, हा प्रश्न होता. ताराबाई-अनुताईंनी शिंपले, खडे, पानं, बिया, काड्या हाताशी घेतल्या. मुलं शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच त्यांच्या अंगणात नेऊ, गुरांमागे जातात ना, मग कुरणात नेऊ, असं करत अंगणवाडी आणि कुरणशाळा उभ्या राहिल्या. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. नाव गेलं, पण खडे-शिंपल्यांची ती दृष्टी त्याच्याबरोबर सगळीकडे गेली नाही, याचं मला फार वाईट वाटतं. आज ‘पुढे काय येईल?’ असं विचारणारे छापील कागद पाड्यापर्यंत पोचतात आणि दाराबाहेरच पडलेल्या सागाच्या पानांकडे कुणाचं लक्ष जात नाही.

‘पुढे काय येईल?’ या प्रश्नातच खरी अडचण आहे. लाल, पिवळा, लाल, पिवळा अशी रांग असली की मूल फक्त शेवटच्या मण्याकडे बघतं. शेवटचा पिवळा, म्हणजे आता लाल. उत्तर बरोबर येतं आणि अंगणवाडीच्या ताईंना वाटतं, आलं याला. आता चिंचोका, खडा, खडा, चिंचोका, खडा, खडा अशी रांग मांडा. तेच मूल चिंचोका ठेवतं, खडा ठेवतं आणि लगेच पुन्हा चिंचोका. त्याला एकाआड एक ठेवायची सवय लागली होती, रचना दिसलेली नव्हती. परत परत येतंय ते ‘चिंचोका-खडा-खडा’ हे तिघांचं घर, ही ओळख पटणं म्हणजे आकृतिबंध कळणं.

ती ओळख पटवायला एक साधी काडी पुरते. रांग मांडून झाली की मुलाच्या हातात काडी द्यायची आणि म्हणायचं, ‘एक घर कुठं संपलं तिथं कुंपण घाल.’ मूल कुंपण दुसऱ्या खड्यानंतर घालतं की पहिल्या, एवढ्यावरून ताईंना सगळं समजतं. चुकलं तर ओरडायचं कारण नाही. पहिलं घर उचलून दुसऱ्याच्या खाली ठेवा, तिसरं त्याच्या खाली. सारखी घरं एकाखाली एक आली की मूल आपणच हसतं आणि काडी सरकवतं.

सुरुवातीला निदान तीन पूर्ण घरं मांडून दाखवावीत. ‘लाल, पिवळा, लाल’ एवढ्यावरून पुढे पिवळा येईल की लाल, हे मोठ्यांनाही सांगता येणार नाही. दोन्ही खरं ठरू शकतं. मग मधलाच एक मणी काढून घ्यावा आणि काय हरवलं ते विचारावं. हे पुढचं सांगण्यापेक्षा अवघड असतं.

त्यानंतरची पायरी मला सगळ्यांत मोलाची वाटते: तीच रचना दुसऱ्या सामानात करणं. चिंचोका-खडा-खडा आता टाळी-चुटकी-चुटकी होईल, फुगडीत एक गिरकी आणि दोन उड्या होईल. चिंचोका आणि टाळी यांच्यात काहीही साम्य नसताना मूल जेव्हा ‘हे तेच आहे’ म्हणतं, तेव्हा वस्तू बाजूला पडून नुसती रचना त्याच्या डोक्यात उरलेली असते. पुढे बीजगणितात संख्यांच्या जागी अक्षरं येतात ती याच वाटेने. शेवटी मुलाने आपली रचना स्वतः करावी आणि दुसऱ्याने ती ओळखावी. मुलांनी केलेल्या रचना आपल्यापेक्षा वाकड्या असतात, आणि त्यात काहीच बिघडत नाही.

एक सावधगिरी मात्र हवीच. गुंज दिसायला सुंदर, लाल-काळी, पण तिचं बी विषारी आहे. ते फुटून पोटात गेलं तर जीवावर बेततं. बिब्ब्याच्या तेलाने कातडीवर फोड येतात. हे दोन्ही रानात सहज मिळतं आणि दोन्ही या खेळात नको. अगदी लहानांना चिंचोकेही नकोत, ते नाकात किंवा घशात जातात. त्यांना आंब्याच्या वाळलेल्या कोयी, मोठे खडे, बांबूचे जाड तुकडे आणि पळसाची पानं द्यावीत.

याचा पुढे उपयोग किती? अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या बेथनी रिटल-जॉन्सन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. गरीब घरांतल्या ५०० हून अधिक मुलांवर त्यांनी चौथ्या वर्षापासून अकराव्या वर्षापर्यंत लक्ष ठेवलं होतं. बालवाडीच्या वयातली आकृतिबंधांची समज ही पाचवीतल्या गणिताचा अंदाज देणाऱ्या गोष्टींपैकी एक निघाली. आकृतिबंध शिकवले की गणित आपोआप येतं, असा याचा अर्थ नाही. पण आपली अंकगणनाच आवर्तनांवर उभी आहे. दर दहाला घर पुन्हा सुरू होतं, दर सातला वार. दोनच्या पाढ्यात एककाच्या जागी २, ४, ६, ८, ० एवढंच फिरत राहतं. ज्याला घर ओळखता येतं, त्याला पाढा पाठ करण्याआधीच ओळखीचा वाटतो. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही परिसरातले साधे आकृतिबंध ओळखणं आणि पुढे नेणं याला जागा आहे.

या डोंगरपट्ट्यात आणखी एक कारण आहे. घरी ठाकरी किंवा कातकरी बोली आणि शाळेत पुस्तकी मराठी, यामुळे अनेक मुलं वर्गात गप्प बसतात आणि गप्प मूल कच्चं समजलं जातं. आकृतिबंधाला शब्द जवळजवळ लागतच नाहीत. मूल हाताने मांडून दाखवतं आणि त्याची बुद्धी ताईंना दिसते. दिवाळी उलटली की अनेक कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, मुलंही जातात आणि अंगणवाडी तुटते. ठाणे जिल्ह्यात विधायक संसद या संस्थेने भट्टीवरच्या मुलांसाठी भोंगाशाळा चालवल्या, त्या यासाठीच. खडे आणि काड्यांचा खेळ भट्टीवरही नेता येतो. त्याला कपाट लागत नाही की किल्ली.

मुरबाड-शहापूरच्या अंगणवाड्यांना आणि पहिली-दुसरीच्या गुरुजींना माझं एक मागणं आहे. महिन्यातून एकदा वाडीतल्या टोपली विणणाऱ्या आजीला वर्गात बोलवा, मानाने बसवा आणि तिचं मानधनही द्या. मुलांना तिच्या हाताजवळ बसू द्या. सोळा कामट्यांची एक आणि सतरा कामट्यांची एक, अशा दोन टोपल्या तिला सुरू करायला सांगा आणि दुसरी फेरी होईपर्यंत कुणी काही बोलू नका. शहरातल्या वाचकांनी या दिवाळीत तोरण बाजारातून आणू नये. आंब्याची पानं आणि झेंडू मुलांपुढे ठेवावेत, एक घर आपण ओवावं आणि बाकीचं तोरण त्यांच्यावर सोडावं.